रिकाम्या हातानं झाडाखाली

चिमूर तालुक्यातल्या एका गावात आमचं बायकांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय नेहमीचेच: रोजगार हमीची मजुरी, रेशन, वनहक्काचे दावे, घरातली मारहाण. पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर बायका पेंगायला लागल्या, म्हणून जरा वेळ जावा एवढ्याच हेतूनं मी एक प्रश्न विचारला. "काही काम नसताना, नुसतं बसायचं म्हणून, तुम्ही झाडाखाली शेवटच्या कधी बसलात?"

आधी सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, "कवा बसन मॅडम? बसलं त मागून सासू आवाज देते." दुसरी म्हणाली, "रिकाम्या हातानं घरी गेलं त इचारतेत, कुठं गेलती म्हून." एक मावशी बराच वेळ आठवत होती. ती म्हणाली, "मी बसली होती. पयल्या बाळंतपनाले माहेरी गेली तवा." तिचा तो पहिला मुलगा आता बारावीला आहे.

ज्या गावात हे बोलणं झालं, ते गाव झाडांनी वेढलेलं आहे. ताडोब्याचं जंगल त्यांच्या शिवाराला लागूनच सुरू होतं. या बायका वर्षातले कितीतरी दिवस झाडांच्या सोबत काढतात. पण झाडाखाली बसत नाहीत. झाडाखाली वेचतात, तोडतात, बांधतात आणि डोक्यावर घेऊन परत येतात.

त्या रात्री मला मुंबईची राणीबाग आठवली.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला मी दोन वर्षं मुंबईत होते. आठवड्यातून दोन दिवस फिल्डवर्क असायचं, ते भायखळ्याच्या बाजूला. वस्तीतल्या भेटी संपल्या की वसतिगृहावर परतण्याआधी तासभर राणीबागेत जायची मला सवय लागली. तेव्हा मोठ्या माणसाला तिकीट पाच रुपये होतं. बाकीचे लोक प्राणी बघायला यायचे. मी मात्र झाडं बघायची, कारण गावाची आठवण यायची आणि त्या शहरात ओळखीचं असं दुसरं काही नव्हतं.

पहिल्यांदा गेले ती पावसाच्या सुरुवातीला. गोरखचिंचेच्या प्रचंड बुंध्यापाशी पंजाएवढी पांढरी फुलं चिखलात पडलेली होती. हे झाड आफ्रिकेतलं. फूल रात्री उमलतं, वटवाघळं त्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडतं. म्हणजे मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ते सगळं होऊन गेलेलं असायचं. हिवाळ्यात त्याच झाडावर एक पान नसायचं. कैलासपतीची फुलं खोडालाच लागतात आणि त्यांचा वास लांबूनच येतो. थंडी सरता सरता सीता-अशोक केशरी होऊ लागायचा. उर्वशीचे लाल घोस लोंबकळताना मी पहिल्यांदा तिथंच पाहिले. उन्हाळ्यात ताम्हण जांभळी व्हायची. दोन वर्षांत हे चक्र दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्या वर्षी पुढे काय येणार हे मला आधीच कळायला लागलं. याचा परीक्षेत काही उपयोग नव्हता. पण त्या दोन वर्षांत मी टिकले, त्यात या तासाभराचा मोठा वाटा आहे.

त्या बागेचा इतिहास मी नंतर वाचला. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यानविद्या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग झाली. १८६२ साली गव्हर्नरच्या पत्नीच्या, लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नाव दिलं राणी व्हिक्टोरियाचं, म्हणून ती राणीची बाग. पुढे नाव बदललं आणि ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली. उर्वशी हे झाड ब्रह्मदेशातलं. त्याचं शास्त्रीय नाव ॲमहर्स्टिया, तेही एका गव्हर्नर जनरलच्या पत्नीच्या आणि मुलीच्या नावावरून ठेवलेलं. म्हणजे बायकांची नावं झाडांना आणि बागांना दिलेली आहेतच. पण बाई राणी असावी लागते, वीरमाता असावी लागते किंवा मोठ्या साहेबाची बायको तरी. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडाचं साल, पान, फूल चाखून कोणतं खायचं आणि कोणतं नाही हे ठरवलं, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं.

त्या बागेत मला एक बाई भेटायची. पन्नाशीची असेल. जवळच्याच चाळीत राहायची, एका बाकावर एकटीच बसलेली असायची. हातात कापडी पिशवी, त्यात दवाखान्याचे जुने कागद. ओळख वाढली तेव्हा मी विचारलं, "मावशी, काय होतंय तुम्हाला? कुठल्या डॉक्टरकडे जाता?" ती हसली. म्हणाली, "मला काही होत नाही गं. घरी सांगते दवाखान्यात नंबर लावायला जाते म्हणून. नुसतं बागेत बसते म्हटलं तर म्हणतील, हिला काय वेड लागलं का?"

तेव्हा मला ही गंमत वाटली होती. डायरीत लिहून ठेवली आणि विसरून गेले. शिबिरातली उत्तरं ऐकल्यावर मात्र कळलं की भायखळ्याच्या मावशीची पिशवी आणि चिमूरच्या बाईच्या कमरेचा दोर या एकच गोष्टी आहेत. बाईनं घराबाहेर, झाडांत, थोडा वेळ असायचं तर तिच्याकडे कारण लागतं. शहरात आजारपण चालतं, खेड्यात सरपण चालतं. नुसतं असणं चालत नाही.

आता आमच्याकडचे ऋतू सांगते. माघात चिमूरला बालाजीची घोडायात्रा भरते, तोवर थंडी ओसरायला लागते आणि पळस फुलतो. मग मोह येतो. पहाटे अंधारातच बायका टोपल्या घेऊन निघतात, कारण फुलं पहाटे गळतात आणि उशीर झाला तर जनावरं खाऊन टाकतात. चारोळी, टेंभरं त्याच सुमाराला पिकतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे पान तोडायचं, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पुड्यावर मजुरी. त्या दिवसांत मुलंसुद्धा पानं मोजतात. पाऊस लागला की रोवणी, आणि रोवणीच्या आधीमधी रानभाज्या: तरोटा, बांबूचे कोवळे वास्ते, वारुळावरच्या सात्या. दिवाळीनंतर धान कापणी, मग कापूस वेचणी, आवळा, बेहडा, आणि वर्षभर सरपण. राणीबागेत मला दोन वर्षांत जे कळलं नाही, ते या बायकांना पाना-पानाचं ठाऊक आहे. मोह या वर्षी कमी का आला, कोणत्या झाडाचं फूल गोड, कोणत्या ओढ्याकाठी सात्या आधी निघतात, हे त्या चालता चालता सांगतात. शहरातल्या बागेत यालाच वनस्पतिशास्त्र म्हणतात, त्यासाठी पाट्या लावतात, शाळेच्या सहली आणतात. इथं त्याला पोटाची धडपड म्हणतात, आणि पूर्वी तर सरळ चोरी म्हणत. मोळी जप्त झाली, कोयता हिसकावून घेतला, अशा आठवणी प्रत्येक गावात आहेत.

पण मैत्रिणींनो, इथं मला माझीच एक चूक सांगायची आहे. बरीच वर्षं मी जंगलात जाणं म्हणजे केवळ कष्ट असं धरून चालत होते. आमच्या सगळ्या अहवालांत 'सरपणासाठी होणारी पायपीट' हाच शब्द. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस येऊ लागला तेव्हा मी एका घरी मोठ्या आनंदानं विचारलं, आता सुटलात ना? ती म्हणाली, "चांगलंच झालं, धूर गेला. पन जंगलात जानं कमी झालं. आता बोलाचं कोनासंग?" पुढे सिलिंडर परवडेना म्हणून ती पुन्हा जायला लागली, तो प्रश्न वेगळा. पण तिचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. चार-पाच जणी मिळून जातात तेव्हा वाटेत नवऱ्याबद्दल बोलतात, सासूच्या नकला करतात, गाणी म्हणतात, रडायचं असलं तर रडतात. गावात चावडी पुरुषांची, देवळाचा पार पुरुषांचा, पानठेल्यापुढचा बाकही त्यांचाच. बायकांना मोकळं बोलायला जी एक जागा होती ती जंगल होती, आणि तिथं जाण्याचा परवाना म्हणजे डोक्यावरची मोळी. कष्ट आणि मोकळीक एकाच दोरानं बांधलेली होती. आम्ही कष्ट तेवढे पाहिले.

हे फक्त आमच्याकडचं नाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाजवळच्या गावांमध्ये त्रिशांत सिमलाई या संशोधकानं केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्याही बायका सांगतात की जंगल हीच त्यांची मोकळेपणाची जागा. वाघ-हत्तींना चाहूल लागावी म्हणून त्या मोठ्यानं गातात. वन्यप्राण्यांसाठी झाडांवर कॅमेरे लागले. २०१७ साली शौचाला बसलेल्या एका बाईचा फोटो अशा कॅमेऱ्यात आला आणि काही तरुणांनी तो फोनवरून पसरवला. तेव्हापासून बायकांना वावरताना संकोच वाटू लागला, त्या हळू बोलू लागल्या, गाणं कमी झालं. ज्या गाण्यानं जनावर दूर राहायचं तेच थांबलं. नजर कुणाची आहे यावर बाईची सुरक्षितता कशी ठरते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

वाघाचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्याला ते सांगायलाच नको. मे २०२५ मध्ये, आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा प्रत्येक घटनेनंतर गावात एकच सूचना ऐकू येते: जंगलात जाऊ नका, एकट्या जाऊ नका, लवकर परत या. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. शहरात बलात्काराची बातमी आली की मुलींना हेच सांगितलं जातं. धोका कमी करण्याची जबाबदारी कुणाची, मजुरीची दुसरी सोय काय, गस्त कुठे, फळी गावाजवळ का नाही, हे प्रश्न बाजूला राहतात आणि बाईनं घरात बसावं हा सल्ला उरतो. घरात बसली तर त्या महिन्याचे पैसे कोण देणार?

त्याच जंगलात, आमच्याच तालुक्यातल्या कोलारा फाटकातून, पर्यटकांच्या जिप्सी आत जातात. मीही एकदा गेले आहे, मुंबईहून आलेल्या मैत्रिणींबरोबर. पहाटेचा गारठा, मोहाचा वास, झाडांतून येणारं ऊन, सगळं फार सुंदर होतं. परत येताना रस्त्याच्या कडेनं बायका टोपल्या घेऊन चालताना दिसल्या. त्यांतल्या दोघी आमच्या बचत गटातल्या. त्यांनी हात केला, मीही केला. मी गाडीत होते आणि त्या पायी, आणि दोन्हीकडची माणसं एकाच पहाटे एकाच जंगलातून येत होती. पर्यटनावर माझा राग नाही, त्यातून काही घरांना रोजगार मिळतो. पण जंगल बघण्यासाठी असतं हे आम्हाला पटतं, आणि ते या बायकांनाही बघण्यासाठी असू शकतं हे मात्र आम्हाला सुचतसुद्धा नाही.

आमच्यातलीच एक कार्यकर्ती मला म्हणाली, "इथं दवाखान्यात डॉक्टर नाही, मजुरी वेळेवर नाही, आणि तू बागेचं काय घेऊन बसलीस?" प्रश्न रास्त आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं आहे की फुरसत ही पोट भरल्यानंतरची चैन आहे, असं आपण धरून चालतो ते पुरुषांच्या बाबतीत कधीच खरं नव्हतं. गरीब पुरुषही पारावर बसतो, पत्ते खेळतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं. पुरुषांचा जातो ८८ मिनिटं, तोही त्यांच्यातल्या जे घरकाम करतात त्यांचा. हा फरक रोजचा तीन तासांहून जास्त आहे. पाराखालची बैठक याच तीन तासांतून निघते. मग फुरसत हा वाटपाचा प्रश्न झाला, आणि वाटपाचे प्रश्न तर आपण नेहमीच मांडत आलो आहोत.

दुसरं असं की नुसतं बघणाऱ्या बायकाच पुढे लढतात. २००७ च्या सुमाराला राणीबागेचा कायापालट करून तिथं मोठं प्राणिसंग्रहालय करण्याचा कोट्यवधींचा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या झाडांचं काय होणार हे विचारायला जे नागरिक उभे राहिले, त्यांत हुतोक्षी रुस्तमफ्राम, शुभदा निखार्गे आणि त्यांच्या सहकारी बायका आघाडीवर होत्या. त्यांनी झाड न्‌ झाड मोजलं, नोंदी केल्या, महापालिकेशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, पुस्तक काढलं. मूळ आराखडा बदलावा लागला. त्या बागेत वर्षानुवर्षं गेल्या होत्या म्हणून त्यांना कळलं की काय जाणार आहे. आपल्या जिल्ह्यातलं पाचगाव घ्या. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेनं विचार करून ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचाच नाही, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात, आणि टेंभरं माणसांना नि पाखरांना मिळत नाहीत. असा निर्णय घ्यायला झाडाकडे मजुरीखेरीज दुसऱ्या नजरेनं बघता यावं लागतं. मान मोडेपर्यंत मोळीखाली असलेल्या बाईला ती नजर परवडत नाही.

आणि बागा तरी सगळ्यांसाठी कुठे राहिल्यात? २०१७ मध्ये, पेंग्विन आल्यावर, राणीबागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झालं. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मात्र शंभर. म्हणजे सवलत आहे, पण ती नवऱ्यासह आणि दोन मुलांसह येणाऱ्या बाईला. एकटी आली तर पन्नास. परित्यक्ता आपल्या आईला घेऊन आली तर शंभर. दवाखान्याचं खोटं सांगून येणारी माझी मावशी आता काय करत असेल, कोण जाणे. तिकीटदर ठरवणाऱ्यांच्या मनात तिचा विचार आला नसणार, आणि तो यावा म्हणून आपणही कधी निवेदन दिलेलं नाही.

मला काही साध्या गोष्टी सुचतात. शहरांतल्या गटांनी आपापल्या सार्वजनिक बागांचा हिशेब मागावा: तिकीट किती, बायकांची स्वच्छतागृहं किती आणि त्यांतली उघडी किती, एकट्या बाईला बसता येईल असे बाक किती, आठवड्यातला एक दिवस फुकट का नाही. खेड्यांतल्या गटांनी वनहक्काच्या आराखड्यात हे घालावं. कायद्यानं वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश बायका असाव्या लागतात, ग्रामसभेच्या उपस्थितीतही तेच बंधन आहे. त्या बायकांनी बांबू नि मोहाबरोबर हेही मांडावं की गावाजवळची एक झाडांची जागा आम्हाला बसायला राखा, तिथे दिवा आणि हातपंप असू द्या, आणि तेंदूच्या दिवसांत जंगलात जाणाऱ्या बायकांबरोबर गस्त असू द्या. २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी याच चिमूरहून हजारो बायका नागपूरपर्यंत पायी गेल्या होत्या. शंभरेक किलोमीटर चालणाऱ्या बायकांना एक झाड मागणं जड जाणार नाही. जड जाईल ते घरी कारण न सांगणं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. शिबिरानंतर आम्ही ठरवलं की महिन्यातून एका दुपारी उमा नदीच्या काठच्या आंब्याखाली बसायचं. भाषण नाही, वसुली नाही, ठराव नाही. पहिल्या वेळी अकरा जणी आल्या. पहिला अर्धा तास कुणाला काही सुचेना, दोघी तर गवत निवडायला लागल्या. मग एकीनं पाय पसरले, दुसरीनं गाणं काढलं. उठताना माझं लक्ष गेलं, प्रत्येकीच्या कमरेला दोर होता. मी विचारलं, आज सरपण आणायचं नव्हतं ना? शिबिरातली तीच मावशी म्हणाली, "दोर नाई घेतला त घरून सोडते कोन?"

आणि जाताना त्यांनी खरोखरच वाटेतल्या काड्या गोळा केल्या. रिकाम्या हातानं कुणीच घरी गेलं नाही. त्यालाही आता चार महिने झाले. मागच्या वेळी दोघी दोर न घेता आल्या, त्यांतली एक सून आहे आणि दुसरी तिची सासू.

तुमच्या गटात हा प्रश्न विचारून पाहा. नुसतं बसायचं म्हणून तुम्ही झाडाखाली शेवटच्या कधी बसलात? आधी स्वतःला विचारा, आपल्या कार्यकर्त्यांनाही विचारा. जी उत्तरं येतील ती अंकासाठी जरूर लिहून पाठवा.